भाऊ-बहिणीचा धडा

फुई, तू गेल्यावर दोन-तीन दिवसांनी तुझ्या गल्लीतल्या शांताकाकीने मला तुझ्या ओट्यावर गाठलं आणि विचारलं, "आते बिबडास्ना टाइमले वाची कोन?"

मला तिचा रागच आला. घरात अजून माणसं भेटायला येत होती, तुझा लेक नितीनदादा दाराशी मान खाली घालून बसला होता, आणि हिला बिबड्यांची पडली होती. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला रडायचं होतं आणि रडता येत नव्हतं, म्हणून तिने तो प्रश्न काढला होता. मी म्हटलं, "माहीत नही काकी." ती म्हणाली, "तेच तं." आणि पदर तोंडाला लावून निघून गेली.

मला असं लिहायची सवय नाही. कॉलेजात निबंध लिहिते तेव्हा सुरुवातीला काय आणि शेवटी काय, हे ठरलेलं असतं. आपल्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही, त्यामुळे गेलेल्या माणसाशी असं कागदावर बोलतात हेही मला आमच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं. मी त्यांना म्हटलं, आत्याशी असं बोलायला मला जमणार नाही. पण आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, फुई. त्याचा शेवट झालाय आणि तो तुला कळलेला नाही. तो सांगितल्याशिवाय मला परीक्षेचा अभ्यास सुचणार नाही, हे मात्र खरं.

तुझं वाचन मला पहिल्यापासून कळायचं नाही. तू सातवी शिकलेली. अंगणवाडीत नोकरी लागली तेव्हा कुठल्याशा प्रशिक्षणात लहान मुलांच्या वाढीवरचं एक पुस्तक तुला मिळालं आणि तिथून तुला नादच लागला. मुलं कशी वाढवावीत, नवरा-बायकोने कसं बोलावं, सासू-सुनेने कसं राहावं, संकटातून माणसाने कसं उभं राहावं. भडगावच्या वाचनालयातला तसल्या पुस्तकांचा कप्पा तू संपवलास आणि मग मला कामाला लावलंस. मी जळगावला हॉस्टेलला आले तेव्हा आईने मला सांगितलं होतं, अभ्यासाकडे लक्ष दे. तू सांगितलंस, "तुना कॉलेजनी लायब्ररी मोठी व्हई. मनागुंता दखत जाय." शनिवारी तुझ्याकडे यायला मी पाचोऱ्यावरून भडगावला येणारी बस पकडायचे, पिशवीत माझी दोन पुस्तकं आणि तुझी तीन असायची.

उन्हाळ्यात तुमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींच्या गच्चीवर वर्षभराचे ज्वारीचे पापड, आपले बिबडे, करायच्या. ज्वारीच्या कण्या शिजवून झालेला तो दाट घाटा, त्यात तीळ, लसूण, मिरची, आणि ओल्या फडक्यावर थापणारे सगळ्यांचे चिकट हात. एकटीचे हात कोरडे, ते तुझे. तू बाजेवर बसून पुस्तक वाचायचीस.

"पुस्तक धरं म्हंजे काम टयनं बाईनं!" शांताकाकी म्हणायची.

"तू वाच, मी थापस," तू पुस्तक पुढे करायचीस.

"नको वं माय. तुना आवाज चांगला शे."

आधी पुस्तकातलं वाक्य तू शाळेतल्यासारखं सरळ वाचायचीस, मग चष्मा कपाळावर चढवून त्यावर स्वतःचं बोलायचीस. तू विकत घेतलेल्या एका पुस्तकात लिहिलं होतं की रात्रीच्या जेवणाला सगळ्या कुटुंबाने टेबलाभोवती बसावं आणि दिवसभराच्या गोष्टी एकमेकांना सांगाव्यात. तू थांबलीस. म्हणालीस, "टेबल नही तं काय मानसं मुका जेवतस?" बायका इतक्या हसल्या की एकीचा बिबडा फडक्यावरून घसरला. दुसऱ्या पुस्तकात होतं, नवऱ्याचं रोज एकदा तरी कौतुक करावं. शांताकाकीने ते मनावर घेतलं. पुढच्या आठवड्यात येऊन सांगितलं, "तीन दिन करं मी कौतिक. चवथा दिन त्यास्नी इचारं, आज काय फोडं घरमा?"

मी नवी नवी कॉलेजात जाणारी. मला वाटायचं, छापलेलं आहे म्हणजे ते बरोबर असणार. तू वाचता वाचता मधलं काही गाळायचीस, काही स्वतःच्या पदरचं घालायचीस. मी म्हणायचे, "फुई, असं नही लिखेल." तू शांतपणे म्हणायचीस, "लिखनारा इसरी गया व्हई."

पण या गमतीच्या मागे तू काहीतरी शोधत होतीस, हे मला उशिरा कळलं. एका शनिवारी मी निघताना तू चपला शोधायचं निमित्त करून माझ्या मागे ओट्यापर्यंत आलीस आणि हळूच म्हणालीस, "पूनम, भाऊबहीननं कोनी लिखेल शे का, दख."

मी लायब्ररीत शोधलं. खूप शोधलं असं नाही म्हणणार, पण शोधलं. भावंडांवरचं एक प्रकरण मिळालं, ते तुला आणून दिलं. धाकटं बाळ आल्यावर थोरल्याला मत्सर वाटतो, तेव्हा आईवडिलांनी काय करावं, असं होतं त्यात. तू ते पूर्ण वाचलंस आणि पुस्तक मांडीवर ठेवलंस.

"ह्या पोरे तं दूधना गिलासगुंता झगडतस. मोठा व्हयनात, लगीन व्हयनं, मंग काय?"

"मंगनं नही शे त्यामा."

"कोनामाच नही शे," तू म्हणालीस. "नवरा-बायकोनं शे, सासू-सूननं शे, मायबापनं शे. बहीन दिसरा घरले गयी का पुस्तकमाईन बी गयी."

मी तेव्हा हसले होते. तू हसली नव्हतीस.

ताईच्या लग्नाच्या वेळी मी दहावीत होते. हळदीच्या दिवशी अंगणात पाट मांडला होता. पहिली हळद फुईने लावायची, तो तुझा मान. तू नवं लुगडं नेसून हळदीची वाटी घेऊन आलीस. फुवाजींना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मागे दोन म्हाताऱ्या विधवेच्या हातच्या हळदीवरून काहीतरी कुजबुजल्या. आबा, पोरीचे बाप आणि तुझे धाकटे भाऊ, मांडवाच्या खांबाशी उभे होते. त्यांनी त्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं, मग तुझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "अक्का, तू मधमा बठ थोडा येळ."

तू वाटी त्यांच्या हातात दिलीस आणि आत गेलीस. लग्न लागेपर्यंत तू थांबलीस, स्वयंपाकघर सांभाळलंस, ताईला सासरी वाटे लावताना तिच्या पाठीवरून हात फिरवलास. कुणाला वाटलं असतं काही झालंच नाही. पुढच्या आखाजीला, लेकी माहेरी येतात त्या सणाला, आबा तुला घ्यायला आले नाहीत. त्यांनी आईला तुला फोन करायला सांगितलं, "अक्काले सांग, येई जाय." तू आईला म्हणालीस, "मुऱ्हायी उना म्हंजे इसू." लेकीला माहेरी न्यायला येणारा मुऱ्हाळी म्हणून दरवर्षी आबाच यायचे. तुझं लग्न झालं तेव्हापासून एकही आखाजी त्यांनी चुकवली नव्हती. त्या वर्षी लाजेने नाही आले. पुढच्या वर्षी मागच्या वर्षी आलो नाही म्हणून नाही आले. मग ती लाज जुनी झाली आणि तुमच्यात बसूनच राहिली.

मला एक कधी समजलं नाही, की तुम्ही दोघं बोलत नव्हता असंही नव्हतं. दर हिवाळ्यात आबा नव्या दादरचं पोतं भडगावला येणाऱ्या कुणाच्या तरी गाडीत टाकून द्यायचे. शेतातली पहिली, निवडून ठेवलेली ज्वारी. तू तिचे बिबडे करून फडक्यात बांधून परत पाठवायचीस. आई चुलीवर भाजायची. आबा एक तुकडा तोंडात टाकून किती वेळ चावत बसायचे. एका वर्षी म्हणाले, "औंदा मीठ कमी शे." आणि मग माझ्याकडे न बघता, "तिनं बीपी वाढी गयं का? इचारजो." मी तुला फोन केला. तुझ्या गोळ्या त्याच महिन्यात सुरू झाल्या होत्या. तू घरात कुणाला सांगितलं नव्हतंस.

माझ्या कॉलेजचंही तसंच. मला जळगावला पाठवायला आबा तयार नव्हते. पोरगी एकटी, हॉस्टेल, लोक काय म्हणतील. तू आईला फोन केलास. आईने जेवताना फक्त एवढंच सांगितलं, "अक्का म्हनतीस, जाऊ द्या पोरले." आबांनी भाकरी मोडली, कुस्करली, आणि म्हणाले, "अक्का म्हनस तं जाऊ दे." इतकंच. आज मी जे काही वाचते, लिहिते, ते त्या एका वाक्यावर उभं आहे. ज्या भावाशी तू तोंडाने बोलत नव्हतीस त्याच्याकडून माझ्यासाठी तू ते काढून घेतलंस. याचे आभार मी मानले नाहीत. आपल्याकडे फुईचे आभार कोण मानतं?

म्हणून तर मी तुझ्याशी भांडले, फुई. मागच्या थंडीत, तू ओट्यावर बसून तूर निवडत होतीस तेव्हा. मी म्हटलं, तुझ्या सगळ्या पुस्तकांत एकच लिहिलंय, माफ करावं, मन मोकळं करावं, पहिलं पाऊल आपण टाकावं. तू गल्लीला वाचून दाखवतेस आणि स्वतः करत नाहीस.

तू सुपातला हात न थांबवता म्हणालीस, "माफ तं मी त्याले तव्हयच करं."

मी विचारलं, "मंग त्याले सांगत काब नही?"

"सांगं तं त्याना जीव हालका व्हई जाई. मंग तो लेवाले येवाव नही."

"मंग तूच जाय. तुनं बी घर शे ते."

"एकली गयी तं पाव्हनी. भाऊ लेवाले उना तं अंडेर."

मी म्हटलं, भावाने आणली तरच लेक, हे जुनं झालं, आता असं कुणी मानत नाही. मी असंही म्हटलं की माफ केलं असेल तर मग अट कसली. तू सूप खाली ठेवलंस. आवाज चढवला नाहीस, तुझा आवाज चढायचाच नाही. "माफ करनं मनं काम व्हतं, ते मी करं. बलावनं त्यानं काम शे. त्यानं काम बी मीच करू?"

मी चिडून म्हटलं, मी सांगते आबांना. तेव्हा तू माझा हात धरलास. तुझ्या बोटांना तुरीची धूळ लागली होती. "नको सांगू. तो उना म्हंजे सांगजो."

मी कबूल केलं. पण मनातून पटलं नव्हतं, आणि अजूनही पूर्ण पटलेलं नाही. मी सांगितलं असतं तर ते धावत आले असते, की तू म्हणतेस तसं सुटल्यासारखं होऊन घरीच बसले असते? बसमध्ये मी याचा विचार करते. कधी तू बरोबर वाटतेस, कधी मी. पुढच्या शनिवारी पुन्हा बोलू असं म्हणून आपण तो विषय सोडला होता. पुढच्या शनिवारी माझी परीक्षा होती, त्याच्या पुढच्या शनिवारी तुमच्याकडे पाहुणे होते. मग नितीनदादाचा फोन आला.

बाईच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, म्हणून आबांना यावंच लागलं. दुकानात त्यांनी वेळ लावला. गाडीवाला घाई करत होता. दुकानदाराने समोर ठेवलं ते हिरवं परत करून त्यांनी जांभळं काढायला लावलं. "तिले जांभयं आवडस," म्हणाले. भडगावला ते तुझ्या पायाशी उभे राहिले. रडले नाहीत, निदान मला दिसले नाहीत. मी तेव्हा काहीच सांगितलं नाही. तू म्हणाली होतीस, आला म्हणजे सांग. पण हे येणं तुझ्या मनातलं येणं नव्हतं, एवढं मला कळत होतं.

आता आखाजी जवळ आलीय. गेल्या आठवड्यात नितीनदादाने फोन केला की आईची पुस्तकं पूनमला द्यावी असं वाटतं, येऊन घेऊन जा. मी म्हटलं, रविवारी येते. ओसरीवर आबा बैलाची वेसण नीट करत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तू काब? मी जास."

"आबा, वजनदार शेतस."

"मी जास म्हनं ना. तू बी चाल."

रविवारी ते धुतलेलं धोतर नेसून, लग्नाकार्यात घालतात ती टोपी घालून तयार झाले. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि पिशवीत सांजोऱ्या बांधून दिल्या. दुःखाच्या वर्षात गोड करत नाहीत, हे आईला माहीत नव्हतं असं नाही. "तिना नातूस्नागुंता," ती म्हणाली. मुऱ्हाळी रिकाम्या हाताने जात नाही. हे कुणीच तोंडाने म्हटलं नाही, पण आम्हा तिघांनाही ते कळलं होतं.

तुझ्या दारात वहिनीने पाय धुवायला पाणी दिलं. आबांनी पाय धुतले, टोपी नीट केली आणि आत आले. तुझी पुस्तकं खिडकीखालच्या फळीवर तशीच उभी होती. एकातून तुझी खूण म्हणून ठेवलेली लाल लोकर बाहेर लोंबत होती. आबा फळीसमोर उभे राहिले. नितीनदादा खुर्ची द्यायला पुढे झाला, वहिनीने त्याला हाताने थांबवलं.

मग आबा म्हणाले, "अक्का, चाल. लेवाले उनू."

मोठ्याने नाही. दर आखाजीला तुला न्यायला दाराशी येऊन म्हणायचे, तसंच. मी लहान असताना त्यांच्याबरोबर आले होते तेव्हा हेच शब्द होते. तू आतून म्हणायचीस, "थांब, चहा तं पे!"

नितीनदादा बाहेर गेला. वहिनी तुझं रोजचं लुगडं घेऊन आली, त्यात आम्ही पुस्तकं बांधली. आबांनी मला ते गाठोडं उचलू दिलं नाही. बसमध्ये त्यांनी ते शेजारच्या सीटवर ठेवलं. पारोळ्याला गर्दी चढली. एक बाई म्हणाली, "बाबा, गठोडं खाले ठेवा ना, बसू द्या."

"बहीननं शे," ते म्हणाले, आणि ते मांडीवर घेऊन सरकले. ती बाई बसली.

घरी पोचलो तेव्हा आई उंबऱ्यात भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. लांबून लेक येते तेव्हा ओवाळून टाकतात, तसा तिने तुकडा ओवाळला. आबांवरून, माझ्यावरून आणि गाठोड्यावरून.

मग मी सांगितलं. आबा टोपी काढून ओसरीवर बसले होते. मी म्हटलं, "आबा, फुईनी तुमले तव्हयच माफ करं व्हतं. माले सांगे. म्हने, तो उना म्हंजे सांगजो."

त्यांनी टोपीची घडी केली. उलगडली. पुन्हा केली.

"तव्हयच?"

"तव्हयच."

ते अंगणाकडे पाहत राहिले. ताईचा पाट जिथे मांडला होता ती जागा तिथून दिसते. मला भीती वाटत होती की ते म्हणतील, मग आधी का नाही सांगितलंस. ते म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "अशीच शे ती."

'होती' म्हणाले नाहीत. मीही दुरुस्त केलं नाही.

आज सकाळी आईने बिबड्यांचा घाटा शिजवायला घेतला. शेजारच्या बायका आल्या. आमच्या गावात बिबडे करताना कुणी वाचत नाही, फुई, ती तुमच्याच गल्लीची पद्धत. पण मी तुझ्या गाठोड्यातून एक पुस्तक काढलं आणि गच्चीवर जाऊन बसले. हात कोरडे ठेवले म्हणून आईने डोळे वटारले. आबा जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसले, बायकांकडे पाठ करून, जसे काही वाऱ्याला बसलेत.

"त्यामा भाऊबहीननं शे का?" त्यांनी तिकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"नही शे, आबा. फुईनी भू धुंडं."

ते मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जे शे ते वाच."

लाल लोकर होती तिथे पुस्तक उघडलं. तुझ्यासारखा माझा आवाज नाही, पहिली ओळ मी फार भरभर वाचली. मी पुन्हा सुरुवात केली. रात्रीच्या जेवणाला सगळ्या कुटुंबाने टेबलाभोवती बसावं आणि दिवसभराच्या गोष्टी एकमेकांना सांगाव्यात.

बायका थापत होत्या. आबांची पाठ हलली.

"टेबल नही तं काय," ते म्हणाले, "मानसं मुका जेवतस?"

तुझंच वाक्य, फुई. त्यांनी ते कधी ऐकलेलं नव्हतं. मी त्यांना सांगितलेलं नव्हतं, आईला तर ते माहीतही नव्हतं. बायका हसल्या. आबांनी वळून पाहिलं, आपण असं काय बोललो ते त्यांना कळेना. मला हसू आणि रडू एकदम आलं, आणि पुस्तकावर पाणी पडू नये म्हणून मी ते लांब धरलं.

"काय व्हयनं?" ते म्हणाले. "वाच ना पुढे."

मी वाचलं.